इंजिन बदलायचंय? आधी शाफ्ट मोजा

(या भागाचं शब्दांकन. जे बोललो तेच ठेवलंय, फक्त मधलं अडखळणं कमी केलंय.)

मागच्या महिन्यात एकच प्रश्न तिघांनी व्हॉइस नोटवर विचारला. पॉवर विडरचं पेट्रोल इंजिन गेलंय, बाकी मशीन धडधाकट आहे, नुसतं इंजिन बदलून मिळतं का, आणि कुठलं घ्यावं? मिळतं. पण कुठलं घ्यावं हे सांगण्याआधी मला माझी फजिती सांगावी लागेल. कारण यातलं बरंचसं मी चुकूनच शिकलोय.

गेल्या वर्षीचा जुलै. आमचं गाव कळंब तालुक्यात, येरमाळ्याच्या बाजूला. सोयाबीन बावीस दिवसांचं. चार दिवस पाऊस लागून होता, मग उघडीप झाली. काळ्या रानाला वाफसा यायला दोन दिवस गेले, आणि मोबाइलवर पुढच्या पावसाचा अंदाज तीन दिवसांनी. म्हणजे कोळपणीला हातात तीन दिवस. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना कळेल मी काय म्हणतोय. त्या तीन दिवसांत कोळपं फिरलं नाही तर केना आणि लव्हाळा सोयाबीनच्या वर जातो. बैलजोडी विकून आम्हाला चार वर्षं झाली होती. सगळी मदार त्या विडरवर.

पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊला आवाज बदलला. खडखड, खडखड, आणि एकदम गप्प. दोरी ओढली तर दोरी जागची हलेना. अण्णा बांधावरून आले. म्हणाले, "आरं, ऑइल बघितलं होतंस का?"

मी म्हणलो, बघितलं होतं. खोटं बोललो.

झालं होतं असं. आमचं रान उताराचं. या इंजिनांना आत ऑइल कमी झाल्याचं ओळखणारा सेन्सर असतो. ऑइल खाली गेलं की तो स्पार्क बंद करतो. उतारावर इंजिन वाकडं झालं की ऑइल एका बाजूला जातं, सेन्सरला वाटतं संपलं, आणि मशीन बंद. वैतागून मी आदल्या हंगामात एक व्हिडिओ बघून त्या सेन्सरची वायर काढून टाकली होती. मशीन बंद पडायचं थांबलं आणि मी खूश.

आता या छोट्या इंजिनात ऑइलचा पंप नसतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कनेक्टिंग रॉडच्या खाली एक छोटी पळी असते. ती दर फेऱ्याला ऑइलमध्ये बुडते आणि ऑइल उडवते. त्या उडालेल्या ऑइलवर सगळं चालतं. एकूण ऑइल बसतं अर्धा-पाऊण लिटर. त्यातलं थोडं जरी जळून कमी झालं आणि मशीन उताराला लागलं, की पळी ऑइलपर्यंत पोचतच नाही. रॉड ॲल्युमिनियमचा, बहुतेक इंजिनांत त्याला वेगळं बेअरिंगही नसतं. तो क्रँकला धरतो. आमचा तसाच धरला.

इथं एक सांगतो. इंजिन "गेलं" म्हणजे दरवेळी बदलायचंच असं नाही. दोरी ओढताना जोर लागत असेल, मध्येच दाब जाणवत असेल, तर इंजिन बहुधा जिवंत आहे. मग प्लग, कार्बोरेटर, एअर फिल्टर बघा, आणि व्हॉल्व्हचं अंतर तपासून घ्या. होंडाच्या जीएक्स १६० ला ते आत येणाऱ्या बाजूला ०.१५ आणि बाहेर जाणाऱ्या बाजूला ०.२० मिलिमीटर असतं. हे अंतर गेलं की गरम झाल्यावर इंजिन चालू होत नाही, आणि लोक म्हणतात इंजिन संपलं. दोरी अगदी अलगद येत असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा. रिंगा बदलणं परवडतं. पण क्रँकवर चरे पडले असतील, रॉड तुटून बाहेरचं कव्हर फोडलं असेल, तर नवीनच बघा. आमचं खोललं तर क्रँकवर नखाला लागेल एवढा चरा. दुरुस्तीचा खर्च नव्या इंजिनाच्या निम्म्याच्या वर जात होता, आणि क्रँक यायला आठवडा. आठवडा होता कुणाकडं?

मग मला आठवलं, वाशीला मामांकडं पाण्याच्या पंपाचं इंजिन पडून आहे. त्याच मापाचं, फार वापरलेलंही नाही. गाडी काढली, दुपारी दोनला इंजिन घेऊन परत. खाली पायाचे चार बोल्ट असतात ना, ते चारही बसले. मला एवढा आनंद झाला की फोटो काढून स्टेटसला टाकला.

ते बोल्ट बसणारच होते. जीएक्स १६० आणि जीएक्स २०० या दोन्हींच्या पायाची भोकं सारखीच आहेत, १६२ बाय साधारण ७५.५ मिलिमीटर. त्या नमुन्यावर बनलेली बिननावाची इंजिनंही, ज्यांच्यावर १६८ एफ किंवा १७० एफ लिहिलेलं असतं, साधारण त्याच भोकांवर बसतात. त्यामुळे पाया जुळला याचा अर्थ फारसा काही नाही.

पुली चढवायला गेलो तेव्हा कळलं. पंपाच्या इंजिनच्या शाफ्टला टोकाला आटे असतात, कारण पंपाच्या आतला पंखा त्याच्यावर सरळ पिळून बसवलेला असतो. विडरला लागतो सरळ, चावीच्या खाचेचा शाफ्ट. येरमाळ्याच्या लेथवाल्या काकांकडं नेलं. त्यांनी हातात फिरवून बघितलं आणि म्हणाले, "आटे उडवून गुळगुळीत करून देतो रे, पण मग चावीची खाच कुठं पाडू? शाफ्टच उरत नाही." पहिला दिवस संपला. स्टेटस डिलीट केला.

काकांनी तेव्हा जे केलं त्यासाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. जुन्या इंजिनची पुली काढून व्हर्निअरने मोजली, एका कागदावर लिहून दिलं: भोक २० मिलिमीटर, चावी ५ मिलिमीटर, शाफ्टची लांबी, शाफ्टचा मध्य पायापासून किती उंच. आणि व्हर्निअरही खिशात घालून दिला. "दुकानात मोजल्याशिवाय पैसे काढू नको."

दुसऱ्या दिवशी बार्शी. दुकानदाराने पहिलं इंजिन समोर ठेवलं, "हेच बसतं, सगळे हेच नेतात." मोजलं तर १९.०५. म्हणजे पाऊण इंच. अमेरिकेच्या बाजारासाठी इंची शाफ्ट बनतो, युरोपच्या बाजूला २० मिलिमीटरचा, आणि आपल्याकडं दोन्ही येतात. फरक किती? एक मिलिमीटरसुद्धा नाही. डोळ्याला दिसतच नाही. पण २० च्या भोकाची पुली १९ च्या शाफ्टवर चढली की ती डुगडुगते. दोन दिवसांत चावी कापते किंवा खाच मोठी होते. उलटं असेल, भोक लहान आणि शाफ्ट मोठा, तर लोक काय करतात? हातोडीने ठोकतात. तो प्रत्येक घाव आतल्या बेअरिंगवर बसतो. नवीन इंजिन, आणि पहिल्याच दिवशी त्याच्या कमरेत लाथ.

तुमच्या विडरला बेल्ट-पुली नसून इंजिन थेट गिअरबॉक्सला जोडलेलं असेल, तर तिथं पायाच्या बोल्टपेक्षा समोरच्या तोंडावरचे बोल्ट आणि शाफ्टचा प्रकार महत्त्वाचा. काही इंजिनांना पुढे वेग निम्मा करणारी गिअरची पेटी लावलेली असते, तिचा शाफ्ट १,८०० ने फिरतो, साध्याचा ३,६०० ने. चुकून ते आणलं तर रोटर दुप्पट हळू फिरेल, आणि उलट केलं तर माती तोंडावर येईल. अशा मशीनचं जुनं इंजिनच सोबत घेऊन जा. वजन १५-१६ किलो आहे, मोटरसायकलवर मागे बांधून जातं.

आता एचपी. खरं तर सगळ्यात आधी लोक हेच विचारतात. आमच्या जुन्या इंजिनवर लाल स्टिकर होता, ७ एचपी. एचपीच्या स्टिकरवर मी आता विश्वास ठेवत नाही. सीसी बघतो. जीएक्स १६० आहे १६३ सीसी, आणि ३,६०० फेऱ्यांना त्याची नेट ताकद कंपनीच देते ४.८ एचपी. पूर्वी हेच इंजिन ५.५ एचपी म्हणून विकलं जायचं. जीएक्स २०० आहे १९६ सीसी, नेट ५.५, पूर्वी म्हणायचे ६.५. इंजिन तेच, मोजायची पद्धत बदलली. अमेरिकेत गवत कापायच्या मशीनवर एचपी फुगवून लिहितात म्हणून ग्राहकांनी कंपन्यांना कोर्टात खेचलं होतं. मिलवॉकीच्या कोर्टात २०१० मध्ये साडेसहा कोटी डॉलरची तडजोड झाली. म्हणजे हे दुखणं फक्त आपल्या बाजारातलं नाही.

माझा हिशेब सोपा आहे. सीसीला ३४-३५ ने भागा. २०८ सीसीवाल्याची खरी ताकद सहाच्या आसपास, स्टिकरवर काहीही असो. त्यात आपण बालाघाटाच्या पठारावर राहतो. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंच आहे, आणि अशा इंजिनची ताकद दर ३०० मीटरला साडेतीन टक्के कमी होते. म्हणजे सात टक्के तिथंच गेले. फार नाही, पण ओल्या काळ्या मातीत जाणवतं. म्हणून बरोबरीचं किंवा एक पायरी वरचं घ्या. त्याच्या वर जाऊ नका. मला दुकानात २७० सीसीचं सुचवलं होतं, "एकदाच घ्या, मोठं घ्या." त्याचा शाफ्टही मोठा, पायाही वेगळा, वजन पाच-दहा किलोने जास्त. शिवाय विडरची चेन आणि गिअर सहा एचपीच्या हिशेबाने बनवलेत. इंजिन टिकेल, खालचं मशीन तुटेल.

डिझेलचं घ्यावं का, असं एकाने विचारलंय. रोज भाड्याने कोळपणी करत असाल तर विचार करा. घरच्या पाच-सात एकरांना नको. दुप्पट जड असतं, हात दिवसभर झिणझिणतात, आणि पेट्रोलसाठी बनवलेली चौकट तो हादरा सोसत नाही.

कंपनीचं की बिननावाचं? नाव सांगत नाही, जाहिरात होते. मी कंपनीचं घेतलं, १९६ सीसी. पैसे जास्त गेले, सोसायटीच्या हप्त्यातले वळवले, त्यावर घरात बोलणी खाल्ली. बिननावाचं वाईटच असतं असं मी म्हणणार नाही. त्याच नमुन्याचं असल्यामुळे रिंगा, गॅस्केट, कार्बोरेटर कुठंही मिळतो, आणि वर्षाला तीस-चाळीस तास चालवायचं असेल तर ते पुरतं. मी दोनच गोष्टींवरून ठरवलं. त्या कंपनीचे सुटे भाग बार्शीत त्याच दुकानात फळीवर दिसत होते, आणि एअर फिल्टर ऑइलमध्ये बसणाऱ्या जाळीचा होता. रब्बीत कोरड्या रानात विडर घातला की धूळ किती उडते माहीत आहे. साधा स्पंज दोन दिवसांत मातीचा लाडू होतो, आणि ती माती सिलिंडरला पॉलिश पेपरसारखी घासते. ऑइलवाल्या फिल्टरचं ऑइल मात्र आठवड्याला बदलायचं, नाहीतर त्याचाही लाडूच.

आणि हो, नवीन इंजिन खोक्यातून येतं ते कोरडं. आत ऑइल नसतं. वर चिठ्ठी असते, पण ती फाडून फेकणारे आपणच. पहिलं ऑइल भरा, आणि ते वीस तासांनी बदला, त्यात नव्या भागांचा बारीक कीस येतो. पेट्रोलचंही एक. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल आहे, ते हवेतलं पाणी ओढतं. हंगाम संपल्यावर टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवा. जूनमध्ये दोरी ओढून खांदा दुखवण्यापेक्षा ते बरं.

इंजिन दुसऱ्या दिवशी रात्री बसलं, काकांनी टॉर्च धरला होता. पुली हाताने सरकली, हातोडी लागली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला रानात. अडीच एकर झालं. दुपारी दोनला पाऊस आला, अंदाजाच्या आधी. राहिलेल्या एका एकरात केना गुडघ्याला लागला. आई आणि गावातल्या चार बाया पाच दिवस खुरपत होत्या. तो रोज, आणि तिथलं कमी आलेलं सोयाबीन, इंजिनच्या किमतीत धरा. मी धरतो.

सेन्सरची वायर मी या वेळी जोडलेलीच ठेवलीय. उतारावर मशीन अजून मध्येच बंद पडतं. अण्णा तिकडून ओरडतात, "थांबलं का?" मी म्हणतो, थांबलं, ऑइल बघतोय. आणि खरंच बघतो.

इंजिनबद्दल व्हॉइस नोट पाठवणार असाल तर सोबत शाफ्टचा फोटो, व्हर्निअरचं माप आणि सीसी पाठवा. एचपी नाही पाठवलं तरी चालेल. भेटू पुढच्या भागात.