कापूसवाल्याची चित्रं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मी पुणतांब्याचा. दौंड-मनमाड लोहमार्गावरचं, गोदावरीकाठचं गाव. शिर्डीला जाणारा फाटा इथूनच फुटतो, त्यामुळे पुष्कळांना आमच्या गावाचं नाव फलाटावरच्या पाटीपुरतं ठाऊक असतं. कुणाला चांगदेवांची समाधी माहीत असते. 2017 च्या जूनमध्ये शेतकऱ्यांचा संप झाला, तेव्हा आमचं नाव सगळ्या महाराष्ट्रात गाजलं. पण आज मी बोलणार आहे एका मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याविषयी. त्याचा आणि पुणतांब्याचा काडीइतका संबंध नाही. माझा आहे, आणि तो कापसाचा आहे.

माझे वडील पिंजारी होते. खांद्यावर पिंजण टाकून आठ-दहा गावं पायी फिरायचे. लोक जुन्या गाद्या अंगणात उसवायचे आणि त्यातला कापूस वडील पिंजून द्यायचे. तातीचा तो ट्यँव-ट्यँव आवाज अजून माझ्या कानात आहे. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया, मिशा, पापण्या सगळं पांढरं झालेलं असायचं. आई म्हणायची, सकाळी जवान माणूस घरातून जातो आणि रात्री म्हातारा परत येतो. पुढे पिंजायची यंत्रं आली, फोमच्या गाद्या आल्या आणि पिंजण भिंतीवरच्या खुंटीला गेलं. तोवर मी बी. ए. झालो होतो आणि कविता करायला लागलो होतो. म्हणजे घरात एक धंदा बुडाला आणि दुसरा, मुळातच न चालणारा, सुरू झाला.

माझा पहिला संग्रह मी पदरमोड करून छापला. 500 प्रती. छापखान्यातून गठ्ठे घरी आले तेव्हा ते ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते पलंगाखाली सरकवले. तालुक्याच्या गावी एक आडतव्यापारी होते. त्यांच्या गाद्या वडिलांनी वर्षानुवर्षं पिंजल्या होत्या. त्या ओळखीवर मी एक प्रत घेऊन गेलो. शेठनी पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं, किंमत पाहिली आणि विचारलं, "तुझ्या बापानं वाचलं का हे?"

मी म्हटलं, "त्यांना वाचता येत नाही, शेठ. मी वाचून दाखवलं."

"मग काय म्हणाला?"

"काही नाही. डोळे मिटून ऐकत होते."

शेठनी मुनीमजींना हाक मारली आणि 100 प्रती घ्यायला सांगितलं. मुनीमजींनी माझ्यादेखत वहीत लिहिलं : कवितेची पुस्तके, नग 100. पैसे रोख मिळाले. घरी येताना मला आनंद व्हायला हवा होता, पण मनात तो 'नग' रुतून बसला होता. ह्या माणसानं एक ओळही न वाचता माझी कविता गुळाच्या ढेपांसारखी मोजून घेतली, असं मला वाटत राहिलं. त्या वयात स्वाभिमान फार स्वस्त असतो, कुठंही खर्च करता येतो. मी पुन्हा त्या पेढीवर गेलो नाही.

आता त्या पारशी गृहस्थांकडे येतो. जहांगीर निकल्सन हे त्यांचं नाव. जन्म 1915 चा, मृत्यू 2001 चा. शिक्षणानं सनदी लेखापाल, धंद्यानं कापसाचे व्यापारी, आणि मुंबईचे शेरीफही होते. चित्रकलेचं शिक्षण नव्हतं. पत्नीच्या निधनानंतर, पन्नाशी उलटल्यावर, 1968 साली त्यांनी ताज आर्ट गॅलरीतून शरद वायकूळ यांचं एक निसर्गचित्र विकत घेतलं. मूलबाळ नव्हतं. मग हा माणूस चित्रं घेतच गेला. थांबला तेव्हा साठा साधारण 800 कलाकृतींचा झाला होता. हुसेन, रझा, गायतोंडे, आरा, तय्यब मेहता, अकबर पदमसी, प्रभाकर बरवे, लक्ष्मण श्रेष्ठ. स्वातंत्र्यानंतरच्या चित्रकलेतलं मोठं नाव ह्या यादीत सहसा चुकत नाही.

मला ह्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांनी प्रामुख्यानं हयात माणसांची चित्रं घेतली. जुनी मूर्ती, जुनं लघुचित्र घेणं एका अर्थानं सोपं. ते चांगलं आहे हे काळानं आधीच ठरवून दिलेलं असतं. काल रंगवलेलं चित्र घेणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांशिवाय आधार नसतो. आणि ज्यानं ते रंगवलं त्याला पुढच्या महिन्याचं घरभाडं द्यायचं असतं. आज गायतोंड्यांचं चित्र कोटींत जातं. 2013 साली मुंबईतल्या लिलावात 23 कोटी 70 लाखांना गेलं आणि 2025 मध्ये एक 67 कोटींच्या वर गेलं, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. पण गायतोंडे दिल्लीत निजामुद्दीनला अगदी साधेपणानं राहायचे, वर्षाकाठी मोजकीच चित्रं करायचे. ते 2001 सालीच गेले, निकल्सन गेले त्याच वर्षी. ह्या कोटींतला एक रुपयाही त्यांच्या ओंजळीत पडला नाही. त्यांना उपयोग झाला असेल तो ते हयात असताना ज्यांनी चित्रं घेतली त्यांचा.

काही वर्षांपूर्वी मी हा संग्रह पाहायला गेलो. मनमाडला गाडी बदलून मुंबई. कुर्ल्याला माझा भाचा राहतो, त्याला बरोबर घेतलं. काळा घोड्याला उतरलो तर समोर जहांगीर आर्ट गॅलरी. भाचा तिथंच शिरायला लागला. मी म्हटलं, हा जहांगीर वेगळा. ही गॅलरी सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ दिली, 1952 साली उघडली. आपल्याला जायचंय शेजारच्या वस्तुसंग्रहालयात, तिथं निकल्सन जहांगीर आहेत. भाचा गोंधळून म्हणाला, "मामू, और वो अनारकलीवाला?"

त्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. चित्रवेडा तोही होता. कोणतं चित्र कोणाच्या हातचं हे आपण नाव न सांगता ओळखतो, अशी बादशहानं आपल्या आठवणींत बढाई मारून ठेवली आहे. त्याच्या पदरी उस्ताद मन्सूर होता, पक्षी काढावेत तर त्यानंच. पण बादशहाला चित्रकार पदरी ठेवता येतात. व्यापाऱ्याला प्रदर्शनाचं दार ढकलून आत जावं लागतं, किंमत विचारावी लागते आणि कधी कधी 'विकलं गेलं' हेही ऐकून घ्यावं लागतं. मला हा दुसरा प्रकार अधिक माणसातला वाटतो.

निकल्सन यांच्या चित्रांनाही घर सहजासहजी मिळालं नाही. मुंबईत आधुनिक कलेचं संग्रहालय असावं अशी त्यांची इच्छा होती. 1976 साली नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत त्यांच्या नावाचं दालन झालं. पुढे ते गेले. मागे राहिलेल्या प्रतिष्ठाननं 2008 मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाशी करार केला आणि 2011 मध्ये तिथं दालन उघडलं. संग्रह फुटला नाही, तुकड्या-तुकड्यानं लिलावात गेला नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

आत गेलो. हुसेनच्या चित्रापाशी मी बराच वेळ उभा होतो. पंढरपुरात जन्मलेला हा माणूस. त्यांनी पुढे सिनेमाचे बोर्ड रंगवले, जगभर नाव कमावलं आणि अखेर 2011 साली लंडनजवळच्या मातीत विसावले. माझ्यासारख्या, मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला त्यांच्या चित्रासमोर उभं राहताना जे वाटतं ते इथं दहा मिनिटांत सांगता येणार नाही. म्हणून पुढे जातो.

पुढे गायतोंडे होते. नुसता रंगाचा पसारा आणि त्यात कुठंतरी तरंगणारं काहीतरी. भाचा म्हणाला, "यात काय आहे?" मला एकदम आमचे चांगदेव आठवले. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं, तर 'तीर्थरूप' लिहावं की 'चिरंजीव' हेच त्यांना कळेना, म्हणून कोरा कागदच धाडला. त्याच्या उत्तरात पासष्ट ओव्या आल्या. आमच्या गावातल्या पोरासोरांना ही गोष्ट पाठ असते, आमच्या मोहल्ल्यातल्याही. बरव्यांच्या मराठी पुस्तकाचं नावच मुळी 'कोरा कॅनव्हास' आहे. मी भाच्याला म्हटलं, कोऱ्या कागदात काय आहे असं ज्ञानेश्वरांनी विचारलं असतं तर? तो हसला आणि बाकावर जाऊन बसला. पाय दुखत होते त्याचे.

मीही बसलो, आणि डोक्यात भलताच हिशेब सुरू झाला. ही सगळी चित्रं कापसाच्या पैशातून आली. तो कापूस कुणीतरी पेरला, वेचला, गाडीत भरून बाजारात नेला. आमच्याच जिल्ह्यात शेवगाव-पाथर्डीकडे कापूस होतो. शेतकऱ्याच्या मालाला काय भाव मिळतो हे पुणतांब्याच्या माणसाला कुणी शिकवायला नको. संपाच्या दिवसांत रस्त्यावर ओतलेलं दूध मी पाहिलेलं आहे. चित्रं घेतल्यानं तो हिशेब मिटत नाही, असं मला तिथं बसून वाटलं आणि आजही वाटतं. पण त्याच कापसाचा पैसा दुसऱ्या पुष्कळांच्या हातातूनही गेला, आणि त्याचं काय झालं हे पाहायला कुठलं दालन नाही. ह्या दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी-शेजारी बसल्या आहेत. त्यांचं आपसात जमत नाही.

आणि मग आठवले ते शेठ. लेखापाल असलेल्या निकल्सन यांनीही नोंदी ठेवल्याच असतील : चित्र, नग एक. वहीत लिहिलं म्हणून चित्र लहान झालं नाही. मग माझीच कविता कशी झाली? शेठनी पुस्तक वाचलं की नाही ते त्यांनी सांगितलं नव्हतं. विचारलं होतं ते माझ्या वडिलांबद्दल. शंभर पुस्तकांच्या पैशातून मी छापखान्याची उरलेली बाकी फेडली होती, हेही मी सोयीनं विसरलो होतो.

आभार मानायला उशीर झाला होता. शेठ जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते गेल्यावर मुलांनी पेढी आवरली तेव्हा मला निरोप आला होता : तुमची पुस्तकं पडली आहेत, नेता का? मी गेलो. एका पोत्यात 62 प्रती होत्या. खालच्या दहा-बारा वाळवीनं खाल्लेल्या. म्हणजे 38 कुणाकुणाला दिल्या गेल्या होत्या. कुणाला, ते मुलांना माहीत नव्हतं. सर्वांत वर एक प्रत वेगळी होती. तिच्यात पान दुमडलेलं होतं, वडिलांच्या पिंजणावरच्या कवितेचं. तेव्हा मी ते पान सरळ केलं आणि पोतं सायकलला बांधलं.

मुंबईहून परतल्यावर तीच प्रत शोधली. पलंगाखालच्या पेटीत होती. दुमड अजून दिसते.