श्रद्धा, दया आणि एक डॉक्टर



आजचा विषय ऐकावयास सुखाचा नाही. घरात गर्भपाताची गोष्ट निघाली की माणसे आवाज खाली आणतात. आपल्या देशाने १९७१ साली कायदा करून ठराविक परिस्थितीत गर्भपाताची मोकळीक दिली, आणि २०२१ साली ती आणखी वाढविली. तेव्हा कायद्याचा प्रश्न बराचसा मिटला आहे. परंतु कायदा काय करता येईल एवढेच सांगतो. काय करावे हे ज्याचे त्याला ठरवावे लागते. या दुसऱ्या प्रश्नाशी जन्मभर झुंजलेल्या एका फ्रेंच कॅथलिक डॉक्टरची हकीकत आम्ही आज आपल्यापुढे ठेवणार आहोत. आम्ही त्या पंथाचे नाही, आणि त्यांचे प्रत्येक मत आम्हांस मान्य आहे असेही नाही. परंतु दया म्हणजे काय, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात जितका उघडा पडला तितका क्वचितच कोठे पडला असेल.

डॉ. जेरोम लेज्यून यांचा जन्म १९२६ सालचा. पॅरिसमध्ये प्राध्यापक त्युर्पां यांच्या हाताखाली ते एका विशिष्ट प्रकारच्या मुलांवर उपचार करीत. या मुलांच्या चेहऱ्याची ठेवण वेगळी असते, बुद्धीची वाढ सावकाश होते, आणि जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टरने १८६६ साली या अवस्थेचे वर्णन केले; आज तिला त्यांच्याच नावाने डाऊन सिंड्रोम म्हणतात. कारण मात्र कोणास ठाऊक नव्हते. आणि कारण ठाऊक नसले की दोष आईबापांच्या पदरात पडतो, हा जगाचा रिवाज आहे. तिकडे आईबापांना गुप्तरोग असेल, दारूचे व्यसन असेल, अशी कुजबूज होई. आपल्याकडे ग्रहण पाळले नाही, गेल्या जन्मीचे पाप भोवले, असे म्हणणारे शेजारी काय कमी होते?

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे १९५६ साली ठरले. पुढे मार्त गोतिए या डॉक्टर बाईंनी पॅरिसच्या एका रुग्णालयात पेशी वाढविण्याची खटपट सिद्धीस नेली, आणि १९५९ च्या आरंभी लेज्यून, गोतिए व त्युर्पां या तिघांच्या नावे निबंध प्रसिद्ध झाला: या मुलांत गुणसूत्रे ४७ असतात, एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते. श्रेय कोणाचे किती, यावर पुढे वाद झाला आणि बाईंचा वाटा मोठा होता हे मागाहून मान्य झाले. शोधाचा अर्थ मात्र आईबापांस लगेच कळला. बिघाड पेशीतला होता. त्यांच्या चारित्र्यावरचा डाग पुसला गेला.

लेज्यून यांना वाटले, कारण सापडले, आता औषधही सापडेल. झाले भलतेच. दहा वर्षांच्या आतच गर्भजल काढून त्यातील पेशींची गुणसूत्रे मोजता येऊ लागली. मूल जन्मण्यापूर्वीच अवस्था ओळखू आली. औषध तर नव्हतेच. मग ओळखून करावयाचे काय? उत्तर एकच उरले. ज्या मुलांसाठी त्यांनी शोध लावला, त्यांनाच जगात येऊ न देण्याचे ते साधन झाले.

१९६९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे अनुवंशशास्त्रज्ञांनी त्यांचा मोठा सन्मान केला. त्या व्यासपीठावरून त्यांनी आपल्याच व्यवसायबंधूंना विरोध केला. रोगाचा द्वेष करावा आणि रोग्यावर प्रेम करावे, हा वैद्यकाचा धर्म आहे. रोग्यालाच नाहीसे करणे हा उपचार नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. आपले नोबेल आज गेले, असे त्यांनी पत्नीला लिहिल्याचे सांगतात.

लेज्यून श्रद्धाळू होते, पण युक्तिवाद ते धर्मग्रंथावरून करीत नसत. बीजांडाचे फलन होताच नव्या जीवाचा आनुवंशिक आराखडा ठरतो, हे विज्ञान सांगते, एवढ्यावर त्यांची भिस्त होती. येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. जीव केव्हा सुरू होतो हे सूक्ष्मदर्शक सांगेल. त्या जीवाचे आपण किती देणे लागतो हे तो सांगणार नाही. तेथे श्रद्धा किंवा विवेक यांनाच बोलावे लागते.

आणि त्यांची भीती निव्वळ एका पंथाची होती, असेही समजू नये. हीच गर्भजल परीक्षा आपल्याकडे आली ती दोष ओळखण्यासाठी. वापरली गेली ती मुलगी ओळखण्यासाठी. महाराष्ट्राला १९८८ साली आणि देशाला १९९४ साली तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. कोणी जन्मावे आणि कोणी जन्मू नये याची निवड एकदा सुरू झाली की ती कोठे थांबेल, याचा भरवसा नसतो.

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे. १९७४ च्या नोव्हेंबरात फ्रान्सच्या आरोग्यमंत्री सिमोन व्हेल संसदेत उभ्या राहिल्या. आउशविट्झच्या छळछावणीतून वाचलेली ही स्त्री. मृत्यू काय हे तिला कोणी शिकवावयास नको होते. चोरून गर्भपात करणाऱ्या बायका जिवास मुकतात, आणि हौसेने कोणी या वाटेस जात नाही, हे तिने त्या पुरुषप्रधान सभेस ऐकविले. १९७५ साली कायदा झाला. लेज्यून यांनी त्यास कडाडून विरोध केला होता. दोन्हीकडे दयाच होती. एकीची नजर आईवर, दुसरीची गर्भावर.

आईवरची नजर ढळली म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. बेळगावच्या दंतवैद्य सविता हालप्पनवार आयर्लंडमधील गॉलवे शहरी राहत. २०१२ च्या ऑक्टोबरात, सतराव्या आठवड्यात त्यांचा गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झाले. त्यांनी सुटका मागितली. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून ती नाकारली गेली. रक्तात विष भिनून एकतिसाव्या वर्षी त्या गेल्या. वस्तुतः आईच्या जिवावर बेतलेल्या रोगावर उपचार करताना, हेतू नसता गर्भ दगावला तर कॅथलिक नीतिशास्त्रही त्याचा दोष डॉक्टरास लावीत नाही. पण भ्यालेला कायदा आणि भ्यालेला डॉक्टर एकत्र आले की शास्त्रातली दया खाटेपर्यंत पोहोचत नाही. देखरेखीतही हयगय झाल्याचे चौकशीत दिसले. २०१८ साली त्या देशाने सुमारे दोन-तृतीयांश मतांनी आपली घटना बदलली.

मग खरी दया ओळखावी कशी? आम्हांस एक साधी कसोटी सुचते: 'नाही' म्हणणारा मागाहून ओझे उचलतो काय? आईला मूल ठेव म्हणून बजावणारे पुष्कळ; त्या मुलाला रात्री जागून दूध पाजणारे थोडे. ज्याचे जळते त्यालाच कळते. लेज्यून या कसोटीस उतरले. पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात ते अखेरपर्यंत या मुलांना तपासत, त्यांच्या आईबापांचे ऐकून घेत, आणि न सापडलेल्या औषधाचा शोध करीत राहिले. १९९४ साली ईस्टरच्या दिवशी ते वारले. २०२१ साली पोपने त्यांना 'पूजनीय' ही पदवी दिली. औषध अजूनही नाही. पण हृदयावर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, मुलांना घरात आणि शाळेत जागा मिळू लागली, आणि जिथे ही सोय झाली तिथे पंचविशीच्या आत संपणारे त्यांचे आयुष्य साठीपर्यंत पोहोचले. यात कोणाला दोष देण्याची गरज पडली नाही.

श्रोतेहो, आपल्या गल्लीतही असे एखादे मूल असेल. त्याच्या आईने काय ठरवावयास हवे होते, याची चर्चा आपण चवीने करतो. तिला चार तास मोकळे मिळावेत म्हणून त्या मुलाला आपल्या घरी किती जण बोलावतात? या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याने घरी जाऊन द्यावे.