डांकमार आडलर : शिकागोचा स्थापत्यविशारद

१८४४ साली जर्मनीतील श्टाटलेंग्सफेल्ड या गावी लीबमान आडलर नावाच्या ज्यू धर्मोपदेशकास पुत्र झाला आणि त्याच बाळंतपणात मुलाची आई वारली. जर्मन भाषेत ‘डांक’ म्हणजे आभार, हिब्रूत ‘मार’ म्हणजे कडू. बापाने मुलाचे नाव ठेवले डांकमार.

१८५४ साली पितापुत्र अमेरिकेत डेट्रॉइट येथे आले व पुढे शिकागोस स्थायिक झाले. यादवी युद्धात डांकमार तोफखान्यात होता. युद्धाच्या अखेरीस त्याने नकाशे काढण्याच्या कचेरीत काम केले. बाकीची विद्या त्याने इतर स्थापत्यकारांच्या हाताखाली मिळविली. १८७१ च्या आगीत शिकागोचा मोठा भाग भस्मसात झाला, आणि अशा माणसांना कामाचा तोटा राहिला नाही.

त्याची खरी कीर्ती ध्वनीची. १८७९ साली बांधलेल्या सेंट्रल म्युझिक हॉलमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत स्वर स्वच्छ पोचू लागला. पुढे लुई सलिव्हन हा बारा वर्षांनी धाकटा कलावंत त्याचा भागीदार झाला आणि दोघांनी ऑडिटोरियम ही प्रचंड वास्तू उभारली. चार हजारांवर प्रेक्षक, मागे मागे चढत जाणाऱ्या रांगा, रंगमंचापासून कर्ण्यासारख्या रुंदावत जाणाऱ्या छताच्या कमानी! १८८९ च्या डिसेंबरात आडेलिना पाटी हिच्या गायनाने तिचे उद्घाटन झाले. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलच्या रचनेतही आडलरचा सल्ला घेण्यात आला.

परंतु शिकागोची जमीन म्हणजे मऊ चिकणमाती. लाकडी ओंडके व लोखंडी रूळ यांचा तराफा घालून आडलरने त्यावर इमारत तोलली. सतरा मजली मनोऱ्याचा भार एकाएकी वाढून तो शेजारच्या भिंतींहून वेगळा खचू नये, म्हणून खालच्या मजल्यांत आधीच लोखंड व विटा रचून ठेवल्या आणि बांधकाम वर चढेल तसतशा त्या काढून घेतल्या. युक्ती नामी होती. पण पाया घातल्यावर बाहेरच्या भिंतींस जड दगड वापरण्याचे ठरले, मनोराही वाढला. वास्तू दीड फुटाहून अधिक खचली. आत गेल्यास जमिनीचा उतार आजही पायाला कळतो. नाट्यगृहातील ध्वनीस मात्र बाध आला नाही. माझ्या मते ही चूक एकट्या आडलरच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

१८९३ च्या आर्थिक मंदीत कामे आटली. मुलाबाळांचा संसार, तेव्हा १८९५ साली आडलरने लिफ्ट बनविणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली. काही महिन्यांतच तो परतला. सलिव्हनने त्याला पुन्हा भागीदार करून घेतले नाही. पुढे दोघेही वेगवेगळे राहिले, आणि दोघांचीही कामे रोडावली. सलिव्हन १९२४ साली दारिद्र्यात वारला.

आडलर १९०० च्या एप्रिलात गेला. त्याच वर्षी सेंट्रल म्युझिक हॉल पाडण्यात आला. त्याच्या प्रवेशद्वाराचा एक दगडी खांब शिकागोच्या ज्यू दफनभूमीत आडलरच्या थडग्यावर उभा आहे.