चिखलाआधी लॉक

(गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात मे महिन्यात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



काल याच माईकवर ज्ञानेश्वरी होती, आज गिअर ऑइल आहे. (हशा) तेव्हा माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना वेळेत कुल्फी गाठता येईल. गाडीत कितीही हुशार ट्रॅक्शन कंट्रोल असो, फोर बाय फोरच्या मागच्या अ‍ॅक्सलला एक डिफरन्शियल लॉक हवाच. तो हाताने लावायचा असावा. आणि चाक घसरायच्या आधी लावावा. यातल्या शेवटच्या वाक्यासाठी मी आलोय, बाकीची दोन सोबतीला आहेत.

डिफरन्शियल म्हणजे काय, हे सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या गावात सांगणं म्हणजे वेळ घालवणं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरू देणारी ती पेटी, पुढे चला. फक्त एक गैरसमज काढतो. 'सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाकडे जाते' असं म्हणतात. तसं नाही. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना पीळ सारखाच देतं. हवेत लटकलेलं चाक शून्य पीळ घेतं, म्हणून जमिनीवरच्यालाही शून्यच मिळतो. एक जण जेवला नाही म्हणून दुसऱ्याचंही ताट उचललं, असा हा न्याय. (हशा)

ट्रॅक्शन कंट्रोल यावर युक्ती काढतं: फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं. समजा बाहेर निघायला जमिनीवरच्या चाकाला ५०० न्यूटन-मीटर हवेत. मग लटकलेल्या चाकावर ब्रेकने ५००चा विरोध उभा करायचा, की इकडेही ५०० मिळतात. पण अ‍ॅक्सलला पाठवावे लागले १०००. निम्मे ब्रेकमध्ये तापून गेले. आणि २०२०च्या थारला मागे ड्रम ब्रेक आहेत, ते डिस्कइतके लवकर थंड होत नाहीत. एखाद्या दगडावरून उतरायचं असेल तर हे सगळं चालून जातं. लांबच लांब चिखलात किंवा वाळूत ब्रेक तापतात, आणि ब्रेक वाचवण्यासाठी संगणक आपलं काम थांबवतो. लॉक असेल तर दोन्ही चाकं एकजीव फिरतात. ५०० लागले तर ५००च पाठवायचे.

पहिल्या रांगेत कारखान्यातले ओळखीचे चेहरे दिसतायत. त्यांच्या भुवया वर गेल्यात. अहो, मी कारखान्यावर टीका करायला आलेलो नाही! थार आपल्या नाशिकच्या कारखान्यात बनते, याचा मलाही अभिमान आहे. (टाळ्या) उलट तिचा इतिहासच माझी बाजू मांडतो. २ ऑक्टोबर २०२० रोजी नवी थार बाजारात आली, तेव्हा वरच्या मॉडेलला मागे ईटन कंपनीचा यांत्रिक लॉक होता. त्याला बटण नाही. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि तो आपोआप बसतो. आता गंमत बघा. यांत्रिक लॉकला बसायला वेगातला फरक हवा, आणि ब्रेकवालं ट्रॅक्शन कंट्रोल तोच फरक मिटवायला धावतं. दोघांचं जमवून घ्यायला इंजिनिअर बसवावे लागतात. २०२३मध्ये ब्रेकवाला लॉक, म्हणजे तीच ब्रेकची युक्ती, सगळ्या फोर बाय फोर थारांना आला आणि यांत्रिक लॉक मोजक्या मॉडेलपुरता उरला. २०२४मध्ये थार रॉक्स आली, तिच्या फोर बाय फोरला मागे विजेवर चालणारा लॉक. बटण दाबा, लागला. म्हणजे फिरून आपण चालकाच्या हातावरच आलो.

बाहेरून लॉक बसवणाऱ्यांसाठी सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचा लॉक छोट्या कॉम्प्रेसरच्या हवेवर चालतो. तो लावला की मागच्या दोन्ही चाकांचे सेन्सर एकच वेग सांगतात. संगणकाला वाटतं, मागे सगळं आलबेल आहे, आणि तो मागे गप्प बसतो. पुढे मात्र ब्रेकचं काम चालू ठेवतो. मागे लॉक, पुढे ट्रॅक्शन कंट्रोल, ही जोडी मला सर्वांत पसंत. टोयोटाच्या काही गाड्यांत कंपनीचाच लॉक लावला की चारही चाकांचं ट्रॅक्शन कंट्रोल बंद व्हायचं. मागे मिळवलं ते पुढे घालवलं. बाहेरून बसवलेल्या लॉकची संगणकाला खबरच नसते, हा इथे फायदा. पक्क्या रस्त्यावर तोच तोटा. वळणावर गाडी सावरायला ईएसपीने मागच्या एकाच चाकाला ब्रेक लावला, तर बांधलेलं दुसरंही मंदावणार. म्हणून लॉक फक्त फोर-लोमध्ये, आणि डांबर दिसायच्या आत काढायचा.

आता 'आधी लावावा' हे मी कुठे शिकलो ते सांगतो, दोन मिनिटांत. निफाडकडे आमचे एक आबा आहेत, द्राक्षवाले. छाटणी झालेली, डोळे फुटलेले, आणि वर अवकाळी पाऊस. बागाईतदार बसलेत ना इथे? तर तुम्हाला माहीत आहे, अशा वेळी डावणी रोग वाट बघत नाही. जमीन वाळेपर्यंत थांबलात तर बाग गेली. फवारणी चिखलातच करायची. ट्रॅक्टरच्या मागे ब्लोअर, टाकीत पाणी, दोन्ही बाजूंना वेली, आणि खाली आपली काळी माती, जी ओली झाली की बूटसुद्धा ठेवून घेते. (मागून आवाज : 'चप्पल तर कायमची!' हशा) बरोबर!

माझा पुतण्या त्याच दिवशी नवी कोरी फोर बाय फोर घेऊन आबांना दाखवायला आला. बांधाच्या कडेला पाट फुटला होता, तिथे गाडी रुतली. खर्र, खर्र, ब्रेक धरतोय, सोडतोय. हा पाय दाबतोय, चाक स्वतःसाठी विहीर खणतंय. आबा ट्रॅक्टरला ब्लोअर लावून त्याच पाटाकडे आले. चार हात अलीकडे थांबले. खाली बघितलं. टाचेने लॉकचं पेडल दाबलं, आणि मंद, एका लयीत पलीकडे. सरळ होते तोवर टाच पेडलवर, वळायच्या आधी उचलली. स्प्रिंगने लॉक आपला सुटला. मग पुतण्याला म्हणाले, "तुझी गाडी रुतल्यावर विचार करती रं." (हशा, टाळ्या)

सगळं व्याख्यान त्यात आलं. ट्रॅक्शन कंट्रोलला चाक घसरल्याशिवाय काही कळतच नाही. ती त्याची चूक नाही, ती त्याची कामाची पद्धत आहे. घसरलेलं चाक तेवढ्यात वरची खरखरीत माती सोलून काढतं आणि खालची गुळगुळीत उघडी पाडतं. माणसाला डोळे आहेत, तो आधी बघू शकतो.

(चिठ्ठी येते.) 'पाच मिनिटं.' अहो, अजून पुढचा लॉक राहिलाय, खर्च राहिलाय! (अध्यक्ष: 'पाचात दोन गेली.') बरं.

पुढचा लॉक. पुण्याच्या कंपनीच्या गुरखा गाडीला पुढे-मागे दोन्ही लॉक कंपनीतूनच मिळतात, हाताने लावायचे. पुणेकरांनी दोन दिले, म्हणून आपणही घ्यावेत असं नाही. (आवाज: 'आकुर्डी! पिंपरी-चिंचवड!' हशा) मान्य, पिंपरी-चिंचवड. पुढे लॉक लावला की स्टिअरिंग जड होतं, गाडी वळायला नको म्हणते. शिवाय चाक वळलेलं असताना सगळा पीळ एकाच बाजूच्या जॉइंटवर आला, तर तो तुटू शकतो. मागेही अर्धा शाफ्ट तुटू शकतो. लॉक लावून पाय दामटला तर एका शाफ्टला पूर्वी अर्धा यायचा तो पूर्ण पीळ येतो. म्हणून लॉक लावल्यावर पाय हलका हवा.

खर्चाचं मी बोलत नाही, अध्यक्षांचा हात माईककडे आलाय. क्रम तेवढा सांगतो. आधी टायर चांगले घ्या. मग खडबडीत जागी हवा उतरवायला शिका. वॉरंटी आहे तोवर गाडीचा अ‍ॅक्सल उघडू नका. इगतपुरीला महिंद्रची ऑफ-रोड शिकवणारी शाळा आहे, तिथे जा. गाडीतून उतरून वाट पायी बघायची सवय लावा. एवढं झाल्यावरच मागचा लॉक बसवा. ज्याला उतरून बघायचा कंटाळा आहे त्याने लॉकचे पैसे वाचवावेत, त्याला ट्रॅक्शन कंट्रोल पुरेसं आहे.

प्रश्न खाली पायऱ्यांवर घेईन. पहिल्या रांगेने आधी यावं, त्यांचे प्रश्न मला दिसतायत.