संशोधनाचा पहिला प्रस्ताव : आपला प्रश्न, आपले विद्यापीठ

(पिंपळनेर येथे महाविद्यालयीन अध्यापकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता रुक्ष आहे. विद्यापीठ स्वतःच्या निधीतून अध्यापकांना जे संशोधन अनुदान देते, त्यासाठी अर्ज कसा करावा, आणि मुळात तो का करावा, याविषयी मला बोलावयाचे आहे. परिपत्रक, मुदत, दरपत्रक, विनियोग प्रमाणपत्र हे शब्द कानी पडताच अनेकांच्या कपाळावर आठ्या उमटतात. त्यापेक्षा भारतीय ज्ञानपरंपरेवर चार उदात्त गोष्टी सांगाव्यात, असेही कोणास वाटेल. परंतु परंपरेचा गौरव करणारी भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत. त्या परंपरेची शिस्तबद्ध नोंद करणारे हात मात्र कमी पडले आहेत. ते हात कोठून यावेत, हाच आजच्या विषयाचा गाभा आहे.

हळदीच्या पेटंटची कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तथापि तिच्यातील एक धडा आपण नेहमी विसरतो. जखम भरून काढण्याच्या हळदीच्या गुणधर्मावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. हा विजय घोषणांनी मिळाला नाही. परिषदेने बत्तीस लिखित संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत ग्रंथांचे उतारे होते, तसेच नियतकालिकांतील शोधनिबंधही होते. घराघरांतील आजीला हे ज्ञान होते, हे सत्यच आहे. पण केवळ तेवढ्यावर पेटंट कार्यालयाने निर्णय फिरवला नसता. कोणीतरी केव्हातरी ते लिहून ठेवले होते, त्यावर तारीख होती, म्हणून देशाचा हक्क शाबूत राहिला. या अनुभवातूनच पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहिले.

आता आपण आपल्याच परिसराकडे पाहू. सह्याद्रीच्या कुशीत उगम पावणारी पांझरा नदी पिंपळनेरवरून धुळ्याकडे वाहत जाते आणि पुढे तापीला मिळते. या नदीवरील फड पद्धती तीनशेहून अधिक वर्षांची मानली जाते. नदीवर दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, पाटाखालील जमिनीचे तीन-चार फड, आणि प्रत्येक फडात एका हंगामात एकच पीक. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे, हे शेतकऱ्यांनी एकत्र बसून ठरवावयाचे आणि पाळीपाळीने फड बदलावयाचा. पाणी सोडण्यासाठी पाटकरी, राखणीसाठी जागल्या, आणि पावसाळ्यानंतर पाट साफ करण्यासाठी लाभधारकांचे सामूहिक श्रम. पाणी कमी असेल तर टंचाईही सर्वांनी वाटून घ्यावयाची. जलव्यवस्थापनाच्या चर्चासत्रांत लोकसहभाग हा शब्द आज मोठ्या कौतुकाने उच्चारला जातो. आपल्या पूर्वजांनी तो शब्द न उच्चारता ती व्यवस्था चालवली.

या पद्धतीवर संशोधन झालेच नाही, असे नव्हे. देशातील पर्यावरण अभ्यासकांनी तिची दखल घेतली आहे. पण प्रत्येक पाटाचा नियम थोडा निराळा असे, त्याचे काय? पाळी चुकवणाऱ्यास कोणता दंड होता? पाटकऱ्याला मोबदला धान्यात मिळे की रोख? विहिरी वाढल्या, विद्युतपंप आले, वरच्या अंगाला धरणे झाली, तेव्हा हे नियम कोणत्या क्रमाने मोडले? याची उत्तरे पुस्तकांत फारशी नाहीत. ती गावोगावच्या वृद्ध पाटकऱ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या स्मरणात आहेत. ही पिढी आपल्यासमोर मावळत आहे. दहा-पंधरा वर्षांनी कितीही कोटींचे अनुदान मिळाले तरी ही माहिती विकत घेता येणार नाही. आज मात्र ती एका ध्वनिमुद्रकाच्या, काही एस.टी. तिकिटांच्या आणि चिकाटीच्या बळावर मिळू शकते.

याच नदीशी एका थोर भारतीयाच्या कर्तृत्वाचा आरंभही जोडलेला आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. त्यांच्या अगदी आरंभीच्या कामांपैकी एक म्हणजे खान्देशात पांझरेच्या पाटावर बांधलेला नळांचा सायफन. पुढे भारतरत्न झालेल्या या अभियंत्याने दख्खनच्या कालव्यांवर पाणीवाटपाची ब्लॉक पद्धती आणली. त्या पद्धतीचे आणि आपल्या फडाचे नाते काय, हा प्रश्न इतिहास, भूगोल वा अर्थशास्त्राच्या एखाद्या अध्यापकाने हाती घेण्याजोगा आहे. मोठ्या माणसाची सुरुवात लहान कामाने झाली आणि ते काम आपल्या नदीवर झाले, एवढे जरी ध्यानात ठेवले तरी लहान प्रकल्पाविषयी वाटणारा कमीपणा दूर व्हावा.

लहान प्रकल्पासाठी पैसा कोठून येणार? जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांसाठी असलेले आपले विद्यापीठ १९९० मध्ये पुणे विद्यापीठापासून स्वतंत्र झाले, आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. अक्षरओळख नसलेल्या एका शेतकरी स्त्रीचे नाव विद्यापीठाने धारण करावे, यात मोठा अर्थ आहे. ज्ञान शेतात, चुलीपाशी आणि जात्यावरही निपजते, हे मान्य करणारी ही संस्था आहे. या विद्यापीठाची महाविद्यालयीन अध्यापकांना संशोधनास प्रवृत्त करणारी कुलगुरूंच्या नावाची योजना 'व्हीसीआरएमएस' या आद्याक्षरांनी खान्देशात परिचित आहे. पुणे विद्यापीठातही महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळामार्फत, म्हणजे बीसीयूडीमार्फत, असे प्रकल्प दिले जात.

अशा अंतर्गत अनुदानाचे महत्त्व आता वाढले आहे. एकेकाळी लहान गावच्या अध्यापकाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघुसंशोधन प्रकल्पाचा आधार होता. बाराव्या पंचवार्षिक योजनेची मुदत २०१७ मध्ये संपली आणि तो आधार राहिला नाही. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले, ही स्वागतार्ह घटना होय. परंतु राष्ट्रीय स्तरावरील स्पर्धेत उतरताना पूर्वी केलेले काम दाखवावे लागते. ते पहिले काम उभे करण्याची शिडी म्हणजे विद्यापीठाचे छोटे अनुदान. रक्कम किती, यापेक्षा प्रस्ताव लिहिणे, समितीसमोर तो मांडणे, वेळेत काम पुरे करणे आणि हिशेब देणे हा संस्कार येथे घडतो.

आता प्रत्यक्ष प्रस्तावाकडे वळू. पहिली गोष्ट शीर्षकाची. 'खान्देशातील जलव्यवस्थापन : एक अभ्यास' असे शीर्षक वाचून परीक्षकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी 'पांझरा खोऱ्यातील निवडक फड पाटांच्या पाणीवाटप नियमांतील बदल : १९७० ते २०२०' असे म्हटले की प्रदेश, विषय आणि कालखंड निश्चित होतो. उद्दिष्टे तीन पुरेत. ती अशी असावीत की प्रकल्प संपल्यावर ती पूर्ण झाली की नाही, हे त्रयस्थालाही सांगता यावे. 'जागृती निर्माण करणे' हे संशोधनाचे उद्दिष्ट होऊ शकत नाही. 'पाच पाटांच्या नियमांचे तौलनिक कोष्टक तयार करणे' हे होऊ शकते.

दुसरी गोष्ट पूर्वाभ्यासाची. आपल्याआधी कोणी काय केले, हे प्रामाणिकपणे नमूद करावे आणि त्यात नेमकी उणीव कोणती, ते दाखवावे. 'या विषयावर आजवर कोणीही काम केलेले नाही' हे वाक्य बहुधा शोध न घेतल्याची कबुली असते. तिसरी गोष्ट पद्धतीची. किती गावे, किती मुलाखती, कोणत्या महिन्यांत, कोणती कागदपत्रे, नमुने घेणार असाल तर कोठून व किती आणि तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत, हे सारे लिहावे. शेती आणि शाळा-महाविद्यालयांच्या परीक्षा यांचे दिवस टाळून वेळापत्रक आखावे. सुगीच्या दिवसांत शेतकऱ्याकडे दोन तासांची मुलाखत मागणे अव्यवहार्यही आहे आणि अनुचितही.

चौथी गोष्ट अंदाजपत्रकाची. प्रवास, ग्रंथ, साहित्य व रसायने, टंकलेखन, आकस्मिक खर्च, अशा शीर्षांखाली मागितलेला प्रत्येक रुपया पद्धतीच्या भागाशी जुळला पाहिजे. वीस मुलाखती घेणाऱ्याने संगणक मागितला, तर परीक्षक प्रश्न विचारणारच. कोणत्या शीर्षाखाली काय चालते, कमाल मर्यादा किती आणि मुदत कोणती, हे त्या त्या वर्षीच्या परिपत्रकात पाहावे. ऐकीव माहितीवर विसंबू नये. अर्ज प्राचार्यांमार्फत जातो, त्यामुळे अखेरच्या दिवसापर्यंत थांबणे धोक्याचे. पिंपळनेरहून जळगाव दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, हे लक्षात असू द्यावे.

अनुदान मंजूर झाल्यावर खरी परीक्षा सुरू होते. हा पैसा आला कोठून? विद्यार्थ्यांनी भरलेल्या शुल्कातून आणि समाजाने दिलेल्या करातून. साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील वनवासी पित्याने मजुरी करून मुलीचे शुल्क भरलेले असते. त्यातलाही एखादा रुपया त्यात आहे. म्हणून दरपत्रके घ्यावीत, पावत्या क्रमाने लावाव्यात, खरेदी केलेल्या वस्तूंची महाविद्यालयाच्या जडवस्तू नोंदवहीत नोंद करावी, आणि विनियोग प्रमाणपत्र मागण्यापूर्वीच तयार ठेवावे. हिशेबाचा चोखपणा हाही राष्ट्रकार्याचाच भाग आहे. समर्पणाची भाषा करणाऱ्यांनी तर तो अधिक काटेकोरपणे पाळला पाहिजे.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. बढतीसाठी गुण लागतात म्हणून प्रकल्प घ्यावयाचा, जुन्या प्रबंधांतील मजकूर जोडावयाचा आणि अहवाल कपाटात ठेवावयाचा, ही प्रवृत्ती आपल्या क्षेत्रात शिरली आहे. दुसरीकडे, भारतीय ज्ञानपरंपरेच्या नावाखाली पुराव्यावाचून मोठमोठे दावे करण्याचा मोहही वाढतो आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या परंपरेला अभ्यासक्रमात स्थान दिले. ही संधी आपण सैल लेखनाने दवडली, तर दोष धोरणाचा नसेल. आपल्या पूर्वजांविषयी अभिमान असावा; पण तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. पाहणीत आपल्या अपेक्षेविरुद्ध काही आढळले, समजा एखाद्या पाटावर काही घरांना पाणी नाकारले जात होते असे दिसले, तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले पाहिजे. समरस समाज उभा करावयाचा असेल तर भेगा कोठे होत्या, हे आधी कळावे लागते.

या बाबतीत आदर्श शोधण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा देह १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यात पडला. १८९८ पासून प्रसिद्ध झालेले 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड त्यांनी संपादित केले. त्यांच्यामागे कोणत्याही विद्यापीठाचे अनुदान नव्हते. गावोगावी वणवण करून, लोकांच्या वाड्यांतून आणि माळ्यांवरून त्यांनी कागद गोळा केले, कारण कागदावाचून इतिहास नाही ही त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या निधनानंतर धुळ्याने १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभे केले. पद्मश्री डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर हे संघाचे स्वयंसेवक. १९५७ मध्ये त्यांनी भीमबेटकाची शैलचित्रे जगासमोर आणली आणि २००३ मध्ये ते स्थान जागतिक वारसा यादीत गेले. या दोघांनीही आधी पायपीट केली आणि मग सिद्धान्त मांडले.

शेवटचा मुद्दा परतफेडीचा. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना तिचा उपयोग काय, हे सांगून त्यांची संमती घ्यावी. वनौषधींचे ज्ञान देणाऱ्या वनवासी वैद्याचे नाव, त्याची इच्छा असल्यास, अहवालात सन्मानाने यावे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने अशा ज्ञानाच्या रक्षणाचा विचार केलेला आहे, तोही अभ्यासावा. काम संपल्यावर मराठीत दहा-बारा पानांची पुस्तिका काढून ती त्या गावच्या ग्रामपंचायतीत आणि शाळेत ठेवावी. विद्यापीठाला अहवाल मिळाला आणि गावाला काहीच मिळाले नाही, तर अर्धे ऋण शिल्लक राहिले असे समजावे.

बंधू-भगिनींनो, माझी विनंती लहान आहे. प्रत्येकाने आपल्या महाविद्यालयापासून वीस किलोमीटरच्या आतला एक प्रश्न निवडावा. तो एका पानावर लिहावा. सहकाऱ्याला वाचावयास द्यावा. पुढचे परिपत्रक निघण्यापूर्वी निदान एका वृद्ध जाणकाराची भेट घेऊन यावे. प्रस्ताव नामंजूर झाला तर परीक्षकांचे आक्षेप समजून घेऊन पुढील वर्षी तो सुधारून पाठवावा. खान्देशाविषयीचे ज्ञान खान्देशातच, येथल्या अध्यापकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हातून लिहिले जावे, यासाठी विद्यापीठाने दार उघडे ठेवले आहे. त्या दारातून आत जाण्याचे काम आपले आहे.