जुन्या जिप्सीची उंची

मोटारगाडी घरांत आली म्हणजे पूर्वीं तिच्या रंगावरून वाद होत. जुनी जिप्सी घरांत आली म्हणजे वाद होतो तो तिच्या उंचीवरून. समजा, पुण्यांतील एका गृहस्थांनीं वीस वर्षें वापरलेली जिप्सी विकत घेतली आहे. पावसाळ्यांत मावळांतल्या एखाद्या गांवीं जावें, आडवाटेनें किल्ल्याच्या पायथ्याशीं पोहोंचावें, इतकाच त्यांचा हेतु. कॉलेजांत जाणाऱ्या चिरंजीवांना मात्र ती गाडी चित्रांतल्याप्रमाणें उंच आणि मोठ्या चाकांची हवी आहे; आणि मातुःश्रींचा प्रश्न एकच आहे : “अरे, एवढी उंच केलीस तर आजी चढणार कशी ?” या तिघांपैकीं सर्वांत शास्त्रशुद्ध प्रश्न मातुःश्रींचा आहे, हें पुढें दिसून येईल. पैसा थोडा, गाडी जुनी आणि रस्ता घाटाचा, या तीन मर्यादांत राहून गाडी किती उंच करावी व कोणत्या रीतीनें करावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

जिप्सी भारतांत आली ती १९८५ च्या डिसेंबरांत. तिचा मूळ आराखडा जपानच्या सुझुकी कंपनीचा. प्रथम तिला ९७० घनसेंटिमीटरचें इंजिन होतें, १९९६ पासून सुमारें १३०० चें आलें. १९९३ सालीं तिच्या डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर वाढवून सुमारें १३० सेंटिमीटर करण्यांत आलें. त्यापूर्वींची गाडी याहून अरुंद असे. सामान्य ग्राहकांसाठीं तिचें उत्पादन आतां बंद झालें आहे. परंतु ताडोब्याच्या जंगलांत पर्यटकांना फिरवणारी उघडी गाडी म्हणून बहुतेकांना तिची ओळख असतेच. गाडीचें शरीर चासी नांवाच्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेलें असतें. चासीखालीं पुढें एक व मागें एक असे दोन अखंड आंस, आणि चासी व आंस यांच्यामध्यें पोलादी पाट्यांच्या चार कमानी. कारखान्यानें ह्या कमानी आंसाच्या खालून बांधलेल्या आहेत, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

उंचीच्या बाबतींत पहिली गैरसमजूत अशी कीं, कमानी उंच केल्या म्हणजे वाटेंतला दगड आपोआप टळतो. तसें होत नाहीं. आंसावर दांतेरी चाकांची एक गोल पेटी असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. जमिनीला सर्वांत जवळ असल्यामुळें दगड बहुधा प्रथम तिलाच लागतो. कमान उंचावली तर चासी वर जाते, आंस मात्र जेथल्या तेथेंच राहतो. आंस उचलण्याचा सरळ मार्ग म्हणजे मोठें टायर. आणि तेथेंहि व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच उंची पदरांत पडते. जिप्सीच्या २०५/७० आर १५ या टायरचा व्यास हिशेबानें सुमारें ६६८ मिलिमीटर येतो. २१५/७५ आर १५ घेतलें तर तो सुमारें ७०३ होतो, म्हणजे पेटी १७-१८ मिलिमीटर वर जाते. २३५/७५ आर १५ चा व्यास सुमारें ७३३, आणि लाभ साधारण ३३ मिलिमीटर. शिवाय टायर मोठें झालें कीं वेगदर्शक कांटा खोटें बोलूं लागतो. ह्या शेवटच्या मापाच्या टायरवर तो ६० दाखवीत असतां गाडी ६६ च्या सुमारास धांवत असते, आणि चढावर लहान इंजिनाला धाप लागते ती वेगळीच.

मग चासी उंचावून काय मिळतें ? मोठें टायर मडगार्डला घासत नाहीं, बांध ओलांडतांना पोट टेकत नाहीं, आणि नाल्यांत उतरतांना पुढचा बंपर जमिनींत रुतत नाहीं. लाभ खरे आहेत. परंतु त्यांना माप आहे. जें टायर घ्यावयाचें, त्याला मोकळें फिरण्यास जितकी जागा लागेल तितकीच उंची गाडीला हवी. २१५/७५ साठीं बहुधा कांहींच करावें लागत नाहीं. २३५/७५ साठीं दोन इंच पुरे होतात. म्हणून आधीं टायर ठरवावें आणि मग उंची ठरवावी. बाजारांत लोक नेमके उलट्या क्रमानें जातात.

आणि त्याहून आधींची एक पायरी आहे. तिला पैसा जवळजवळ लागत नाहीं. गाडी सपाट जमिनीवर उभी करून चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ उभें अंतर मोजावें. चारी चाकांचें मोजावें. जमिनीपासून मोजूं नये, कारण टायरांतील हवा कमी-अधिक असल्यास माप फसतें. वीस वर्षांच्या गाडींत डावें व उजवें माप सारखें निघालें तर मालकानें स्वतःस भाग्यवान समजावें. बहुधा एक बाजू बसलेली असते. मग खालीं वांकून कमानी पाहाव्या. पाट्यांमध्यें गंज फुगून पाटे एकमेकांपासून सुटले आहेत काय, एखादा पाटा तडकला आहे काय, टोंकांचे रबरी बुश चिरडून लोखंडाला लोखंड लागलें आहे काय, आणि कमानीचें टोंक चासीला जोडणारा शॅकल एका बाजूस कलला आहे काय ? चिरंजीवांना जे दोन इंच हवे आहेत, त्यांतील एखादा इंच वयानेंच खाऊन टाकलेला असतो. चांगल्या स्थितींतल्या मूळ मापाच्या कमानी व नवे बुश बसवले तर तो इंच परत येतो. गाडी सरळ चालूं लागते आणि कायद्याचा कोणताहि प्रश्न उभा राहत नाहीं. अनेक घरांचा विषय येथेंच संपावयास हरकत नाहीं.

ज्यांना याहून पुढें जावयाचें आहे, त्यांच्यापुढें स्वस्त मार्ग पुष्कळ येतात. सर्वांत स्वस्त म्हणजे लांब शॅकल. कमानीचें एकच टोंक शॅकलवर असल्यामुळें शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी एकच इंच उंचावते. जिप्सीच्या पुढच्या कमानीचा शॅकल पुढच्या टोंकाला आहे. तो लांब केला कीं पुढचा आंस स्वतःभोंवतीं किंचित् फिरतो आणि ज्या खिळीवर चाक वळतें तिचा मागें असलेला कल कमी होतो. ह्या कलामुळेंच वळण संपल्यावर चाकें आपोआप सरळ होतात. तो गेला कीं गाडी रस्त्यावर भरकटूं लागते, चालकाला सारखी ओढाताण करावी लागते. आंस व कमान यांच्यामध्यें पोलादी पाचर घालून तो कल परत आणतां येतो; पण अशा पाचरीचा उल्लेख विक्रेता क्वचितच करतो.

दुसरा मार्ग जादा पाट्याचा. समान जाडीच्या चार पाट्यांत पांचवा घातला तर कमान सुमारें पंचवीस टक्क्यांनीं ताठ होते. जाडीचा प्रभाव त्याहूनहि मोठा. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणें वाढतो, म्हणून सहा मिलिमीटरच्या जागीं सात मिलिमीटरचा पाटा घातला तर तो एकटा जवळजवळ साठ टक्क्यांनीं अधिक ताठ असतो. ओझें वाहणाऱ्या गाडीला हें मानवेल. चार माणसें नेणाऱ्या हलक्या जिप्सीला मानवत नाहीं. ती मूळचीच हाडें खिळखिळीं करणारी आहे, आणि ताठ कमानीमुळें खडकाळ वाटेवर एक चाक अधांतरीं राहतें. जुन्याच पाट्यांना ठोकून पुन्हां बांक देण्याची तिसरी रीत आहे. पोलादाला योग्य पाणी दिलें नाहीं तर हा बांक थोड्याच काळांत उतरतो. शरीर व चासी यांच्यामध्यें ठोकळे घालण्याचीहि एक रीत आहे. तिनें टायरला जागा मिळते, पण चासी तसूभरहि वर जात नाहीं.

तरुणांचें मन मात्र चौथ्या मार्गावर बसलेलें असतें. कमानी आंसाच्या खालून सोडवून वरून बांधावयाच्या. पाटे तेच, खर्च वेल्डिंगचा, आणि उंची एकदम पांच इंचांच्या आसपास ! एवढ्या थोड्या पैशांत एवढी उंची दुसरी कोणतीच युक्ति देत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. परंतु बिल नंतर येतें. स्टिअरिंगची दांडी तिरपी होते, त्यामुळें खड्ड्यांत चाक वर-खालीं झालें कीं गाडी आपण होऊन वळते. ती दांडी नव्यानें करून घ्यावी लागते. प्रॉपेलर शाफ्टचे कोन तीव्र होतात, ब्रेकच्या रबरी नळ्या आंखूड पडतात, आणि चढावर जोर लावतांना कमान नागमोडी पिळवटते. वेल्डिंग आंसावर असतें. तें सुटलें तर काय होईल हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आतां मातुःश्रींच्या प्रश्नाकडे वळावयाचें. आजीला चढणें जड जातें, कारण तिला स्वतःचें वजन तितकें वर उचलावें लागतें. गाडीचेंहि वजन तितकेंच वर गेलेलें असतें. गाडी वळणावर कलंडेल कीं नाहीं, हें चाकांमधील निम्मी रुंदी आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या प्रमाणावर बरेंच अवलंबून असतें. उदाहरणादाखल निम्मी रुंदी ६५ सेंटिमीटर व गुरुत्वमध्याची उंचीहि ६५ धरली तर प्रमाण एक येतें. दोन इंचांच्या बदलानें गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर चढला तर तें ०.९४ होतें, पांच इंचांनीं दहा सेंटिमीटर चढला तर ०.८७. टपावर सामान बांधलें कीं आणखी उतरतें. १९९३ पूर्वींच्या अरुंद गाडीच्या मालकानें तर हा हिशेब दोनदां करावा. याच घराण्यांतील सामुराई ही गाडी उलटण्याचा धोका आहे म्हणून अमेरिकेंत कन्झ्यूमर्स युनियन या संस्थेनें १९८८ सालीं ती नापसंत ठरवली. सुझुकीनें १९९६ सालीं त्या चाचणीविरुद्ध दावा लावला आणि २००४ सालीं उभयतांत तडजोड झाली. त्या वादांत बाजू कोणाची खरी, हा प्रश्न सोडून दिला तरी, वाद कारखान्यांतून निघालेल्या उंचीच्या गाडीविषयीं होता, पांच इंच वाढवलेल्या गाडीविषयीं नव्हे.

कायद्याचीहि बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून निराळे होतील असा बदल वाहनांत करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हा नियम कडकपणें उचलून धरला. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचें नूतनीकरण करतांना गाडी तपासणीस न्यावी लागते. म्हणून कमानी विकत घेण्यापूर्वीं प्रादेशिक परिवहन कार्यालयांत विचारणा करावी, विमा कंपनीलाहि कळवावें. अपघातानंतर हा शोध लागला तर स्वस्त कमान फार महाग पडते.

एवढें पाहून ज्यांना तरीहि उंची हवी असेल व जे ती कायद्यांत बसवूं शकतील, त्यांनीं मूळ ताठपणा राखून अधिक बांक दिलेल्या, दोन इंच उंचीच्या तयार कमानींचा चारी बाजूंचा संच घ्यावा आणि पैसा त्यांतच संपवूं नये. नव्या उंचीच्या लांबीचे शॉक अ‍ॅब्झॉर्बर, नवे यू-बोल्ट व नवे बुश हे त्याच खर्चांत धरावे. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात. ते पुन्हां वापरणें ही खोटी काटकसर होय. पैसे कमी पडत असतील तर टायर पुढच्या वर्षावर ढकलावीं, शॉक अ‍ॅब्झॉर्बर ढकलूं नयेत.

काम झाल्यावर गाडी तशीच घाटांत नेऊं नये. जॅक चासीखालीं लावून एकेका बाजूचीं चाकें लोंबकळूं द्यावीं आणि ब्रेकची नळी ताणली जाते काय तें डोळ्यांनीं पाहावें. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून टायर कोठें घासतें काय तें पाहावें. मग चाकांचें संरेखन करून घ्यावें, हेडलाइटांचा रोख खालीं आणावा आणि सुमारें पांचशें किलोमीटर गाडी चालल्यावर यू-बोल्ट पुन्हां आंवळावे, कारण नवे पाटे तोंवर एकमेकांत बसून किंचित् सैल झालेले असतात.