सिकलसेल आणि दृष्टी : वेळीच तपासणीची गरज
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत नेत्रविभागप्रमुखांनी केलेल्या भाषणाचा सारांश)



सिकलसेल म्हटले की सांध्यांच्या वेदना, रक्तक्षय आणि रक्त चढविण्यासाठीच्या फेऱ्या डोळ्यांपुढे येतात. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आनुवंशिक आजार नवा नाही. तो डोळ्यांनाही ग्रासतो, हे मात्र अनेक रुग्णांना ठाऊक नसते.

काही वर्षांपूर्वी एक तरुण शेतमजूर माझ्याकडे आला. आठवडाभर एका डोळ्यापुढे कोळिष्टके तरंगत होती. मग काळोख पसरला. सिकलसेलचे निदान बालपणीच झाले होते. डोळे मात्र कोणीच तपासले नव्हते.

या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होऊन दृष्टिपटलाच्या कडेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बुजवितात. रक्तपुरवठा तुटलेल्या भागालगत पंख्याच्या आकाराच्या नव्या, नाजूक वाहिन्या उगवतात. त्या फुटल्यास नेत्रगोलात रक्तस्राव होतो, पुढे दृष्टिपटलही सुटू शकते. डॉ. मॉर्टन गोल्डबर्ग यांनी १९७१ साली या विकाराच्या पाच अवस्था मांडल्या. पहिल्या तीन अवस्थांत रुग्णाला सहसा काहीच जाणवत नाही. तक्त्यावरील शेवटची ओळही तो वाचू शकतो. म्हणूनच चष्म्याची तपासणी पुरेशी नाही. बाहुली विस्फारून दृष्टिपटल कडेपर्यंत पाहावे लागते. वयाच्या दहाव्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी ही तपासणी व्हावी.

काही नव्या वाहिन्या आपोआप सुकतात. इतरांवर लेसर उपचार करता येतो. रक्तस्राव ओसरला नाही किंवा दृष्टिपटल सुटले, तर शस्त्रक्रिया करावी लागते आणि सिकलसेलच्या रुग्णात ती अधिक जोखमीची असते.

वाहकांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डोळ्याला मार लागून आत रक्त साचल्यास दाब वाढून दृष्टीला धोका पोहोचतो. अशा वेळी आपण वाहक असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण दाबावरील काही औषधे त्यांना अपायकारक ठरू शकतात.

सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान २०२३ साली सुरू झाले. रक्ततपासणीने रुग्ण सापडतात. त्यांना नेत्रविभागापर्यंत आणणे हे आपले काम आहे. प्रत्येक सिकलसेल रुग्णाच्या केसपेपरवर नेत्रतपासणीची तारीख असावी, एवढीच माझी विनंती आहे.

त्या तरुणाची दृष्टी शस्त्रक्रियेनंतर अंशतःच परतली. त्याच्या धाकट्या बहिणीलाही हा आजार होता. तिला आम्ही आग्रहाने बोलावले. तिची कोणतीही तक्रार नव्हती, तरी दृष्टिपटलावर नव्या वाहिन्या आढळल्या. वेळेवर लेसर झाले आणि तिची दृष्टी शाबूत राहिली. भावाच्या बाबतीत आपण उशिरा पोहोचलो, बहिणीच्या बाबतीत वेळेत. हे अंतर एका साध्या तपासणीचे आहे.